मागच्या पायांना घसरू द्या

ज्या दिवशी मी भर धावेत पिंपाला मिठी मारली तो मंगळवार होता. पण तिथून सांगायला लागले तर तुम्हाला वाटेल मी जन्मतःच वेडी आहे, म्हणून सोमवारपासून सांगते. सोमवारी मी फार शहाणी होते.

सोमवारी शाळा सुटल्या सुटल्या मिस्टर डब आले. मिस्टर डब म्हणजे आमचे नालबंद. दर सहा आठवड्यांनी त्यांचा ट्रक आमच्या अंगणात लागतो, मागची दारं उघडतात आणि आत ऐरण, छोटी भट्टी, कानशी आणि मापामापाचे टांगलेले नाल. टेक्सासच्या आमच्या या सपाट भागात वारा म्हणून कधी थांबत नाही, त्यामुळे ते नाल सारखे एकमेकांवर आपटत असतात. मिस्टर डब येताहेत हे दिसायच्या आधी ऐकू येतं.

"काय म्हणताहेत राणीसाहेब?" त्यांनी उतरता उतरता विचारलं. मला नाही. पिकलला.

पिकल माझी घोडी. सात वर्षांची, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. पिकल म्हणजे लोणचं, आणि तिचं तोंड बघितलं की नाव का ठेवलं हे कोणी विचारत नाही. पण तीन पिंपं मांडलेलं रिंगण दिसलं की हीच आंबट बाई अशी काही पेटते की बस! शर्यत सोपी आहे: सुसाट आत जायचं, तिन्ही पिंपांना एकेक वळसा घालायचा, सुसाट बाहेर यायचं. सतरा-साडेसतरा सेकंदांत सगळा खेळ. पिंप पाडलंत तर वर पाच सेकंद दंड, म्हणजे सामान बांधा आणि घरी जा.

शनिवारी काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर मोसमातली शेवटची शालेय रोडिओ, म्हणजे घोडेस्वारीची स्पर्धा, होती. पहिल्या पाच मुली राज्य स्पर्धेला. सहावी घरी. आणि मला जायचंच होतं. इतकं की मी रात्री उशीला टाच मारत होते.

अडचण एकच. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या पिंपाशी पिकल घसरली होती. पडलो नाही आम्ही, पण माझा गुडघा मातीला लागून आला, आणि तेव्हापासून दुसरं पिंप जवळ आलं की माझा हात मला न विचारता लगाम ओढायचा. अर्धा सेकंद तिथेच खलास. म्हणून मी अभ्यास केला. कागदावर लिहून काढलं. आणि सोमवारी मिस्टर डबच्या समोर तो कागद धरून उभी राहिले.

"मिस्टर डब, या वेळी धारेचे नाल हवेत. सगळ्यात खोल धारेचे. चारी पायांना."

साधा नाल खालून सपाट असतो. धारेच्या नालाला बाहेरच्या कडेने उंच काठ असतो, तो मातीत रुततो आणि पकड घेतो. मिस्टर डबनी गालातली सूर्यफुलाची बी या बाजूची त्या बाजूला केली.

"चारी?"

"हो सर. घसरू नये म्हणून."

"कुठला पाय घसरला होता?"

"सगळे!"

"सगळे पाय एकदम गेले तर त्याला घसरणं नाही म्हणत, पोरी. त्याला बसणं म्हणतात."

"मी वाचलंय, सर. आणि चार व्हिडिओ पाहिलेत. विजेत्यांचे."

ते घोडीकडे वळले. "पिकल, तू पाहिलेस का गं?"

पिकल त्यांच्या बाहीवर शिंकरली.

ओट्यावरून मॉमा ओरडली, "डब, तिला हवं ते ठोक बाबा! फेब्रुवारीत मातीच्या धुपेवर सात मिनिटं भाषण करून पहिली आली, तेव्हापासून या घरात तिच्यापुढे कोणाचं चालत नाही."

हे खरं आहे. जानेवारीपर्यंत मी वर्गात 'हजर' सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाईंनी दोनदा माझी गैरहजेरी लावली होती. मग शेतकीच्या सरांनी मला बळेच वक्तृत्वाला उभं केलं, आणि सात मिनिटं सगळे गप्प बसून माझं ऐकत होते. माझं! त्यानंतर मी थांबलेच नाही. मला सगळ्याबद्दल मत होतं. नालांबद्दल तर होतंच होतं.

"मागच्या पायांना एवढी पकड..." मिस्टर डब म्हणाले.

"हवीच आहे, सर."

"बरं." त्यांनी कातड्याचा अंगरखा कमरेला बांधला. "घोडी तुझी."

पुढचा तास मी ट्रकच्या पायरीवर बसून बघत होते. जुने नाल उपटले, खूर कापून सारखे केले, नाल तापवून ऐरणीवर खुराच्या आकाराला आणले. जळक्या केसांसारखा तो वास इतका घाण असतो, आणि मला इतका आवडतो! पुढचे नाल त्यांनी टाचेला अगदी आखूड धरले, कारण धावताना घोडीचा मागचा पाय पुढच्या नालावर पडला तर तो खिळ्यांसकट उखडतो. मागचे जरा लांब ठेवले. खिळ्यांची टोकं वाकवली, कानस फिरवली, आणि निघताना म्हणाले, "उद्या पळवणार ना? मी येईन बघायला."

"कशाला, सर?"

"उगाच. टीव्ही बिघडलाय माझा."

मंगळवारी कुंपणावर यारित्झा बसली होती. यारित्झा ओर्टेगा. माझी जिवलग मैत्रीण, आणि आमच्या भागातली पहिल्या नंबरची स्वार. या दोन गोष्टी एकाच माणसात असणं सोपं नाही, पण ती जमवते. तिच्या हातात वेळ घ्यायला फोन होता आणि मांडीवर मसालेदार शेंगदाण्यांची पिशवी. शेजारी मिस्टर डब.

"बघच आता," मी तिला म्हटलं. "पिकलला पंजे बसवलेत. वाघाचे!"

"मांजरीला दूध पाजून आण आधी," यारित्झा म्हणाली. "जा!"

सुटलो. आई शप्पथ, काय सुटलो! पहिलं पिंप आलं, पिकलने पुढचे पाय टाकले, ते खच्चकन रुतले, आणि माझ्या मनात आलं, अहाहा. मग तिने मागचे पाय टाकले. तेही खच्चकन रुतले. आणि तिथेच राहिले. घोडी खुंटाला बांधल्यासारखी जागच्या जागी थांबली.

मी नाही थांबले.

पिंप थंड होतं. त्याला डिझेलचा वास येत होता. मी दोन्ही हातांनी त्याला कवटाळून होते, गाल त्याच्या गालाला, आणि कमाल म्हणजे ते पडलं नव्हतं.

"मॅबरी!" कुंपणावरून यारित्झा किंचाळली. हसून हसून तिचे शेंगदाणे सांडले होते. "अगं, त्याच्या घरच्यांना विचारलंस का आधी?"

"मी ठीक आहे!" मी ओरडले.

"तुला कोण विचारतंय, पिंप ठीक आहे का ते सांग!"

मिस्टर डब कुंपण ओलांडून धावत आले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. "हलू नका! कोणी हलू नका!" मला भरून आलं. किती ती काळजी! मग ते माझ्या अंगावरून पुढे गेले आणि मातीत उकिडवे बसले.

"पाय टाकू नकोस इथे," ते मला म्हणाले. "ठसे मोडतील."

मी पिंप सोडलं.

"लागलं का कुठे?"

"नाही, सर."

"मग बस. बघ."

मी बसले. पुढच्या पायांचे ठसे स्वच्छ होते, जणू साच्यातून काढलेले. मागच्या पायांचे ठसे म्हणजे दोन खड्डे. खुंट्या ठोकून उपटल्यासारखे.

"इथे तिला घसरायचं होतं," मिस्टर डब म्हणाले.

"घसरायचं होतं?"

"वळताना घोडी मागे बसते. बसताना मागचे पाय वीतभर सरकायला हवेत, म्हणजे ते पोटाखाली येतात आणि तिथून ती उसळते. आपण तिचे पाय खिळून टाकले. माणसाला कोणी पायताणासकट जमिनीला ठोकलं आणि म्हटलं नाच, तर?"

'आपण' म्हणाले ते. 'तू' नाही म्हणाले. ते मला जास्त लागलं.

"पण ती घसरली होती ना, सर. तीन आठवड्यांपूर्वी."

"माझ्याकडे आहे तो व्हिडिओ," यारित्झा खाली उडी मारून आली. तिने फोनवर तो हळूहळू चालवला, एकेक पाऊल. दुसरं पिंप. पुढचा डावा पाय पडला आणि साबणावर पडल्यासारखा बाहेर गेला. पुढचा! मागचे दोन्ही वीतभर सरकून पोटाखाली आले होते, जसे यायला हवेत तसेच. त्यांनीच आम्हाला सावरलं होतं.

हा व्हिडिओ मी चाळीस वेळा पाहिला होता. चाळीसही वेळा फक्त माझं तोंड पाहिलं होतं, किती भयानक दिसतंय ते.

"म्हणजे पुढे धार," मी हळूच म्हटलं, "आणि मागे साधे."

"वाचलंस कुठे?" मिस्टर डबनी विचारलं. चेहरा अगदी गंभीर.

त्यांचा एक नियम आहे. शर्यतीच्या आधी तीन दिवस ते खुराला हात लावत नाहीत, खिळे बसायला वेळ हवा म्हणतात. म्हणजे बुधवारी सकाळी काय ते उरकायचं. आणि बुधवारी सकाळी मॉमा शाळेची बस चालवते. ती वाटेवरच्या घरांतली अकरा मुलं घेऊन मला न्यायला परत आमच्याच अंगणात आली, तर मी पिकलचा मागचा उजवा पाय मांडीवर धरून बसलेली.

"मॅबरी, चल!"

"दोन मिनिटं, मॉमा!"

काल-परवाच खिळे मारलेत, पुन्हा नवी भोकं पाडली तर खूर कमजोर होतो. म्हणून मिस्टर डब असे सपाट नाल शोधत होते ज्यांची भोकं जुन्या भोकांवर बरोबर येतील. एक लावून बघितला, नाही. दुसरा, नाही. तिसरा ऐरणीवर जरा उघडला, पुन्हा लावला, आणि बसला! तोवर बसच्या सगळ्या खिडक्या खाली झाल्या होत्या आणि अकरा तोंडं बाहेर आली होती. पहिला खिळा आत गेला तशी मागच्या बाकावरचा कोणीतरी ओरडला, "एक!" मग सगळे. "दोन! तीन!" दोन पायांचे मिळून बारा खिळे. बाराव्याला टाळ्या पडल्या. मिस्टर डबनी टोपी काढून वाकून नमस्कार केला, आणि पिकलने, जिला टाळ्या अजिबात आवडत नाहीत, नेमकं तेव्हाच शेण टाकलं. त्यालाही टाळ्या.

शनिवार.

तेवीस मुली होत्या. बारा मुली पळाल्या की ट्रॅक्टर येऊन माती पुन्हा सारखी करतो, आणि सगळ्यांना ट्रॅक्टरनंतर लगेच पळायचं असतं, कारण माती ताजी असते. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली बारावी. म्हणजे अकरा घोड्यांनी उकरून ठेवलेल्या मातीत. यारित्झाची निघाली तेविसावी, सगळ्यात शेवटची.

तिसरी मुलगी दुसऱ्या पिंपाशी घसरली. घोडा गुडघ्यांवर आला, उठला, ती रडत बाहेर आली. पाचवीही तिथेच घसरली. सगळ्या मैदानाने एकदम श्वास आत ओढला. तीच जागा. तेच पिंप.

मॉमा प्रेक्षकांतून धावत आली, हातात चीज घातलेल्या चिप्सचा कागदी डबा, तो सांडतोय याचं तिला भान नाही. "डब! मातीची वाट लागली आहे! मागचे धारेचे परत ठोक, आत्ताच्या आत्ता!"

मिस्टर डबनी घड्याळ बघितलं. "तिला सोळा मिनिटं आहेत. दोन पाय होतील."

"पण तुमचा तीन दिवसांचा नियम?" मी विचारलं.

"नियम माझा आहे, मोडायचा तर मीच मोडणार." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण पिकलवर मी बसणार नाहीये. तू सांग."

सात मिनिटं बोलणारी मी, सात अक्षरं सुचेनात. पुन्हा घसरलो तर? सहावी आले तर? बारा खिळे काढा, बारा मारा, पाय दुखले तर? मग एकदम मला वाटलं, इथे उभी राहून मी परत स्वतःचंच तोंड बघतेय.

मी पिकलचा लगाम मॉमाच्या हातात कोंबला आणि पळाले. घसरलेली पहिली मुलगी, केसी-जो, घोड्याला फिरवत होती, डोळे लाल.

"ए, वाईट झालं गं," मी धापा टाकत म्हटलं. "तुझ्या घोड्याचा पाय बघू?"

"काय?"

"पुढचा पाय. बघू ना. पटकन!"

ती इतकी चक्रावली की हो म्हणाली. मी पुढचा डावा पाय उचलला. साधा सपाट नाल, झिजून चमच्यासारखा गुळगुळीत. मागे गेले. मागचे धारेचे होते! मग दुसरीकडे धावले, तिलाही न विचारल्यासारखंच विचारलं, उचलला. पुढचे सपाट. मग मी न घसरलेल्या तिघींच्या घोड्यांचे पाय उचलले. एकीच्या बापाने "ए पोरी, ए!" म्हणून हाक मारली, मी "सॉरी, सर!" म्हणत पुढे. तिघींच्याही पुढे धार.

मी परत आले तेव्हा माझ्या गालाला शेण लागलं होतं, आणि ते मला कोणी सांगितलं नाही.

"मागचे साधेच राहू देत," मी म्हटलं.

"मॅबरी लूएलन प्रुइट!" मॉमाने पूर्ण नाव घेतलं. पूर्ण नाव म्हणजे शेवटची सूचना.

"मॉमा, घसरले ते पुढून घसरले. आमचे पुढचे धरतात."

"आणि नाही धरलं तर?"

"तर मी घरी बसेन, आणि तू महिनाभर म्हण, सांगितलं होतं."

मॉमाने मिस्टर डबकडे बघितलं. ते तिच्या डब्यातली चिप्स खात होते. "मला काही विचारू नका, बाई. माझा हातोडा ट्रकमध्ये आहे."

फाटक उघडलं.

सतरा सेकंद कसे सांगायचे? पहिलं पिंप: पुढचे रुतले, मागचे सरकले, आणि मला ते खोगिरात बसल्या बसल्या कळलं, ओल्या लादीवर कोणी मुद्दाम घसरून मजा घेतं तसं. मग दुसरं. ते लांबूनच दिसत होतं, भोवती उकरून काळी झालेली माती. माझा हात लगामाकडे निघाला. मी तो हात धरला. म्हणजे दुसऱ्या हाताने नाही, मनाने, आणि खोगिराच्या पुढच्या मुठीवर दाबून ठेवला. "जा गं लोणच्या!" मी ओरडले. पुढचा डावा पडला. धरलं! मागचे वीतभर सरकले, तिचं बूड जवळजवळ मातीला टेकलं, माझी वेणी पिंपाला फटकन लागली, आणि ती उसळली. तोफेतून! तिसरं पिंप मला आठवत नाही. परतीच्या सरळ धावेत मी हसत होते, तोंड उघडं, दातांत माती.

"सतरा पॉइंट पाच एक!" भोंग्यातून आवाज आला. "सध्या दुसरी!"

सध्या. मग ट्रॅक्टर आला, माती गादीसारखी मऊ करून गेला, आणि त्या गादीवर एकेक मुलगी पळू लागली. मी तिसरी झाले. मी चौथी झाले. मॉमाने माझं मनगट इतकं दाबलं की बोटं पांढरी पडली. फक्त दोघी उरल्या, एक उंच मुलगी आणि तिच्यानंतर यारित्झा. दोघींनी मला मागे टाकलं तर मी सहावी.

यारित्झा फाटकाशी घोड्यावर बसून होती. "ए," ती खाली वाकून म्हणाली, "मी हळूबिळू पळणार नाही हं."

"पळून तर बघ हळू. चावेन."

"तू नाही, पिकल चावेल."

"आम्ही दोघी चावू."

उंच मुलगी सुटली. सुरेख पळाली, खरंच सांगते, पहिलं सुरेख, दुसरं सुरेख, तिसऱ्याला किंचित रुंद गेली, किंचितच.

"सतरा पॉइंट पाच तीन!"

दोन शतांश. डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. आणि सगळं मैदान शांत असताना मी एकटी "हो!" म्हणून अशी काही किंचाळले की त्या उंच मुलीने वळून बघितलं. मॉमाने मला चिमटा काढला. "लाज नाही का गं! दुसऱ्याची पोर आहे ती!" आणि मग तिचा स्वतःचाच आवाज फुटला, आणि ती मला मिठी मारून रडायला लागली, डब्यातलं उरलंसुरलं चीज माझ्या पाठीवर.

"मिस्टर डब! पाचवी तर नक्की! काहीही झालं तरी पाचवी!"

"ऐकलं मी. म्हातारा आहे, बहिरा नाही." पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि ती कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना.

"यारित्झा!" मी कुंपणावर चढून ओरडले. आता मला तिच्यासाठी ओरडायला काही अडचणच नव्हती. "जा! उडव मला पाचव्यावर! जा गं, जा!"

फाटक उघडलं, ती सुटली, आणि मी माझा उरलेला सगळा आवाज तिच्यामागे सोडला.